गाव करी ते राव न करी?

‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेली आहे. तिच्यावर निबंध लिहून मी एकदा दहापैकी आठ गुणही मिळवले होते. एकट्या बलवानापेक्षा अनेकांची एकजूट श्रेष्ठ, हा तिचा अर्थ कोणाला पटणार नाही? परंतु याच म्हणीवर भरवसा ठेवून गेल्या दिवाळीत आमच्या घराने पाच हजार रुपये गमावले, असे मी सांगितले तर आपण हसाल. जे घडले ते मात्र असे घडले. आणि त्यातून मला जे समजले ते माझ्यासारख्याच इतर अनाडी माणसांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभीच एक कबुली देते. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. संगणकाचे पोट फाडून आत काय असते ते पाहण्याचा माझा अधिकार नाही. विज्ञान शाखेतील मित्रमैत्रिणींनी हा आगाऊपणा पोटात घालावा. पण बाजारात पैसे मोजायला उभी राहते ती काही शास्त्रज्ञांची रांग नव्हे. ती आपणा सामान्यांचीच असते. तेव्हा मोजणाऱ्याला निदान आपण काय मोजतो आहोत एवढे तरी कळले पाहिजे.

माझा धाकटा भाऊ दहावीला उत्तम गुणांनी पास झाला. ‘चांगले गुण मिळव, तुझा कॉम्प्युटर नवा करून देऊ,’ असा शब्द आईने त्याला दिला होता. घरचा संगणक २०१७ सालचा, चार कोरचा. त्याच्यावर अलीकडचे गेम अडखळत चालायचे. दिवाळीच्या तोंडावर आईला भिशी लागली आणि तिने शब्द पाळायचे ठरवले. ग्राफिक्स कार्ड जुनेच ठेवून प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम एवढेच बदलायचे, असा बेत ठरला. वडील, भाऊ आणि मी असे तिघे शहरातल्या एका दुकानात गेलो.

दुकानदार मोठा गोडबोल्या. भावाने सहा कोरच्या एका प्रोसेसरची किंमत विचारताच तो वडिलांना म्हणाला, “काका, सहा कोर, आठ कोर आता विसरा. हा घ्या. अठ्ठावीस कोर! किंमत तेवढीच. पुढची दहा वर्षं बघायला नको.” आमच्या वडिलांचा सारा जन्म सहकारी पतपेढीत गेलेला. समुदायाच्या शक्तीवर त्यांची अढळ श्रद्धा. सहाच्या भावात अठ्ठावीस, हे ऐकून ते माझ्याकडे वळून म्हणाले, “बघ, गाव करी ते राव न करी.” व्यवहार तिथेच ठरला. अठरा हजार रुपये मोजले आणि विजयी वीरांप्रमाणे आम्ही घरी आलो.

त्या रात्री भावाने गेम सुरू केला. पहिली पाच मिनिटे कौतुकात गेली. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरू लागला. गर्दीचा चौक आला की चित्र अडखळे. गाडी वेगात वळवली की क्षणभर सारे जग थिजल्यासारखे होई. जुन्या संगणकाहून थोडे बरे होते, पण थोडेच. त्याच्या मित्राकडे सहा कोरचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड अगदी आमच्यासारखेच. आणि तिथे हाच गेम पाण्यासारखा वाहत होता. भावाने पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा उघडून मला दाखवला आणि विचारले, “ताई, प्रोसेसर तर अठरा टक्केच वापरला जातोय. बाकी सगळा रिकामाच आहे. मग अडतंय कुठे?”

वाचकहो, हा साधा प्रश्न मला पुढचे महिनाभर छळत राहिला. अठ्ठावीस जणांचे गाव, त्यातले बहुतेक पारावर बसून आहेत, आणि तरीही काम खोळंबले आहे! हे कोडे सुटल्याखेरीज चैन पडेना. वाचले, विचारले, पुन्हा वाचले. जे हाती लागले ते माझ्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट अशी कळली की आमच्या प्रोसेसरला अठ्ठावीस कोर नव्हतेच. कोर होते चौदा. अठ्ठावीस होते ते थ्रेड. कोर म्हणजे प्रोसेसरमधला हिशेब करणारा एकेक स्वतंत्र कारागीर. त्याला लग्नघरातला आचारी समजा. एका शेगडीवर आधण ठेवले आणि ते उकळेपर्यंत आचारी नुसता उभा राहिला, तर वेळ वाया जातो. म्हणून त्याच्यापुढे दोन शेगड्या ठेवायच्या. एकीवर थांबावे लागले की त्याने दुसरीकडे वळावे. या दोन शेगड्या म्हणजे दोन थ्रेड. इंटेलने २००२ साली पेंटियम ४ या प्रोसेसरमध्ये ही युक्ती घरगुती संगणकात आणली. युक्ती चांगली आहे, तिने काम काहीसे वाढतेही. पण शेगड्या दोन झाल्या म्हणून आचारी दोन होत नाहीत. दुकानदाराने आम्हाला शेगड्या मोजून दाखवल्या आणि आचाऱ्यांचे कौतुक ऐकवले.

दुसरी गोष्ट अशी कळली की तो प्रोसेसर २०१६ सालचा, सर्व्हरसाठी बनवलेला होता. त्यात त्याचा काही दोष नाही. एकाच वेळी शेकडो लोकांची लहान लहान कामे उरकणे हा त्याचा धर्म, आणि तो त्याने इमानाने पाळला असणार. कुठल्या तरी कचेरीतून निवृत्त होऊन तो आमच्या घरी आला. त्याचा एकेक कोर जास्तीत जास्त ३.३ गिगाहर्ट्झच्या वेगाने चाले. भावाच्या मित्राचा सहा कोरचा प्रोसेसर २०२२ सालचा. त्याचा कोर ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. आणि फरक केवळ या आकड्याचा नाही. मधल्या सहा वर्षांत कोरची रचनाच सुधारली. एका ठोक्यात तो पूर्वीपेक्षा अधिक काम उरकतो. म्हणून दोन वेगळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरांची तुलना नुसत्या गिगाहर्ट्झवरूनही करता येत नाही, मग नुसत्या कोरसंख्येवरून कशी करता येणार?

तरीही मूळ प्रश्न उरतोच. चौदा झाले तरी चौदा आहेत ना! सहा जणांना ते का हरवू शकत नाहीत?

याचे उत्तर जीन आम्डाल नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ सालीच देऊन ठेवले आहे. हे गृहस्थ आयबीएमच्या सुप्रसिद्ध सिस्टिम/३६० या संगणकाच्या प्रमुख रचनाकारांपैकी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की कोणत्याही कामाचा काही भाग वाटून घेता येतो आणि काही भाग एकामागून एकच करावा लागतो. माणसे कितीही वाढवली तरी हा दुसरा भाग तसूभरही कमी होत नाही. आपल्या घरचेच उदाहरण पाहा. होळीला पन्नास पुरणपोळ्या करायच्या आहेत. लाटायला चार जणी बसल्या तर काम झपाट्याने होईल. पण डाळ शिजायला, पुरण वाटायला जो वेळ लागायचा तो लागणारच. पुरण तयार नसताना लाटायला सोळा जणी बोलावल्या, तर पंधरा जणी गप्पा मारत बसतील आणि पुरण घोटणारीवर सगळ्यांचे डोळे लागतील. स्वयंपाकघर मात्र ‘अठरा टक्केच’ कामात आहे असे दिसेल!

आता गेममध्ये काय चालते ते पाहू. पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ वेळा बदलायचे असेल, तर प्रत्येक चित्र तयार करायला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात खेळणाऱ्याने कोणती कळ दाबली ते पाहायचे, त्याचा त्या जगावर काय परिणाम झाला ते ठरवायचे, कोण कोणाला धडकले, कोण पडले, शत्रू कुठे वळला ते काढायचे, आणि मग ‘हे असे चित्र काढ’ असा हुकूम ग्राफिक्स कार्डाला सोडायचा. यातली पुष्कळ कामे एकमेकांवर अवलंबून आहेत. धडक झाली की नाही हे ठरण्याआधी पडलेला माणूस दाखवता येत नाही. आणि मागचे चित्र काय होते ते ठाऊक असल्याशिवाय पुढचे काढता येत नाही. म्हणून गेमचा एक मुख्य धागा असतो आणि तो एकाच कोरवर चालतो. त्याला मदत करायला इतर कोर जरूर येतात. २०१५ साली आलेल्या डायरेक्ट-एक्स १२ने आणि २०१६ सालच्या व्हल्कनने ग्राफिक्स कार्डाला हुकूम सोडण्याचे कामही अनेक कोरांत वाटण्याची सोय केली. पण मुख्य धागा अडला की सगळेच अडतात.

थोडा हिशेब मांडते; कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये, फक्त भागाकार आहे. समजा एका चित्राचे काम एका कोरला २० मिलिसेकंद पुरते. त्यातले १० मिलिसेकंदांचे काम वाटता येते, १० चे येत नाही. मग एका कोरवर सेकंदाला ५० चित्रे निघतील. दोन कोर लावले तर वेळ १५ मिलिसेकंदांवर येईल आणि चित्रे ६७ च्या आसपास होतील. चार कोरांवर १२.५ मिलिसेकंद, म्हणजे ८० चित्रे. आठ कोरांवर ८९. सोळा कोरांवर ९४. आणि कोर अगणित लावले तरी १०० च्या पुढे जाता येणार नाही. आता दुसरा मार्ग पाहा. कोर चारच ठेवले, पण प्रत्येक कोर सव्वा पट वेगवान घेतला, तर वेळ बरोबर १० मिलिसेकंद होतो. म्हणजे १०० चित्रे! जे अगणित मंद कोरांनी साधायचे ते चार चलाख कोरांनी साधले. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, प्रत्येक गेमची वाटणी वेगळी असते. पण हिशेबाची चाल हीच राहते.

हा हिशेब मांडता मांडता मी थबकले, कारण तो माझ्या ओळखीचा होता. आमच्या अर्थशास्त्रात याला घटत्या फलाचा नियम म्हणतात. एकाच शेतावर मजूर वाढवत गेले की पहिल्या काही मजुरांनी पीक भराभर वाढते, मग प्रत्येक नव्या मजुराची भर कमी कमी होत जाते. रिकार्डोने १८१७ सालच्या आपल्या ग्रंथात जमिनीबद्दल हा विचार मांडला. परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते! ज्ञान वहीत होते, पाकीट दुकानात होते, आणि दोघांची गाठ पडली नाही. आपल्या शिक्षणाविषयी याहून कडू टीका मला सुचत नाही.

मग प्रश्न येतो की कंपन्या कोर वाढवत का सुटल्या? यामागचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. २००४ पर्यंत शर्यत होती ती वेगाची. एकच कोर, पण तो दरवर्षी अधिक वेगवान. पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला. ४ गिगाहर्ट्झचा जाहीर झालेला प्रोसेसर मात्र इंटेलने २००४ मध्ये रद्द केला. आडवी आली ती उष्णता. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला लागणारी वीजही त्याच प्रमाणात कमी होते, असे आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली दाखवले होते आणि तीस वर्षे त्या हिशेबावर सगळ्यांचे भागले. पुढे ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले की वीज गळू लागली आणि वेग वाढवला की प्रोसेसर तव्यासारखा तापू लागला. एकाला आणखी पळवता येईना, म्हणून दोघांना जुंपले. आयबीएमने २००१ साली एकाच चकतीवर दोन कोर बसवून वाट दाखवलीच होती. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनीही घरगुती संगणकासाठी दोन कोरचे प्रोसेसर बाजारात आणले. तेव्हा ध्यानात घ्या, कोर वाढले ते हौसेने नव्हे, नाइलाजाने. जाहिरातदारांनी त्या नाइलाजाला पराक्रमाचा मुकुट घातला.

आणि ‘कोर’ म्हणजे नेमके काय, यावरही एकमत आहे असे समजू नका. एएमडीने २०११ साली आठ कोरचा म्हणून एक प्रोसेसर आणला. त्यात दोन-दोन कोरांच्या जोड्या होत्या आणि दशांशाचे हिशेब करणारा भाग प्रत्येक जोडीला मिळून एकच होता. हे आठ कोर की चार, असा वाद अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ मध्ये कंपनीने १ कोटी २१ लाख डॉलर देऊन तो तडजोडीने मिटवला. सासू-सुनेची चूल एक असेल तर घरे दोन म्हणायची की एक, असाच हा वाद! आजही इंटेलच्या २०२२ सालच्या एका बड्या प्रोसेसरवर २४ कोर असे लिहिलेले असते. त्यांत मोठे, वेगवान कोर आठ आणि लहान, काटकसरी कोर सोळा. कंपनी हे लपवत नाही, तपशिलात छापते. पण खोक्यावरचा मोठा आकडा वाचून घेणाऱ्याला तपशील वाचायची सवय कुठे असते?

येथे कोणी म्हणेल, ‘म्हणजे कोर निरर्थक, एक चांगला कोर असला की झाले.’ हे दुसरे टोक झाले, आणि तेही तितकेच फसवे आहे. २०१४ साली आलेला एक मोठा गेम, फार क्राय ४, निव्वळ दोन कोरांच्या संगणकावर सुरूच होत नव्हता. आमचा जुना चार कोरचा संगणक ज्या २०१७ साली घेतला, त्याच वर्षाच्या जानेवारीत इंटेलच्या नेहमीच्या घरगुती मालिकेतला सर्वांत वरचा प्रोसेसरही चारच कोरचा होता. मार्चमध्ये एएमडीने आठ कोरचा रायझन आणला, आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत इंटेलला सहावर यावे लागले. ‘चार पुरे’ म्हणून ज्यांनी तेव्हा खरेदी केली त्यांना पुढे हळहळ वाटली. त्यांत आम्हीही आलो. गेम लिहिणाऱ्यांची नजर सहसा घरोघरच्या खेळयंत्रांवर असते. २०१३ सालच्या प्लेस्टेशन ४ मध्ये कोर आठ होते पण दुबळे होते. २०२० सालच्या प्लेस्टेशन ५ मध्ये आणि एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये कोर आठच राहिले, पण चांगले दणकट झाले. आठ कोरांत मावेल असे काम वाटण्याची सवय त्यामुळे गेमच्या कारागिरांना लागली आहे. म्हणून माझे मत असे, की केवळ खेळण्यासाठी संगणक सुधारणाऱ्याने अलीकडच्या पिढीचे सहा चांगले कोर पुरेसे मानावेत, ऐपत असल्यास आठ घ्यावेत आणि तिथे थांबावे. उरलेला पैसा ग्राफिक्स कार्डासाठी ठेवावा, नाहीतर आईला परत द्यावा.

याला एक सुंदर पुरावा आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये एएमडीने रायझन ७ ५८००एक्स३डी नावाचा प्रोसेसर आणला. त्याचे कोर आठच. वेग तर त्याच्याच आधीच्या भावंडापेक्षा किंचित कमी. पण त्याच्या पोटात ९६ मेगाबाइटची मोठी कॅश बसवलेली होती. कॅश म्हणजे स्वयंपाकघरातले हाताशी असलेले फडताळ, आणि रॅम म्हणजे नाक्यावरचा वाणी. जिन्नस फडताळात मिळाला तर लगेच फोडणी पडते. वाण्याकडे धावावे लागले की कढई तापत राहते. गेमला सतत नवे नवे जिन्नस लागतात. म्हणून मोठ्या फडताळाच्या या आठ कोरांनी कितीतरी गेममध्ये त्याच कंपनीच्या सोळा कोरच्या प्रोसेसरला मागे टाकले. सोळा आचारी वाण्याच्या दारात रांग लावून उभे, आणि इकडे आठ जणांची पंगत उठली!

मग गाव कधीच जिंकत नाही का? जिंकते, आणि शानदार जिंकते. आपल्या पुण्याचेच उदाहरण आहे. अमेरिका अतिवेगवान महासंगणक देण्यास आढेवेढे घेत होती तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एक प्रचंड बलाढ्य प्रोसेसर बनवण्याऐवजी अनेक लहान प्रोसेसर एकमेकांना जोडायचे आणि काम वाटून द्यायचे, ही त्यामागची कल्पना. हवामानासारख्या विषयात हे छान जमते. आकाशाचे तुकडे पाडले की प्रत्येकाला आपापला तुकडा मिळतो. चित्रफितींचे संकलन, त्रिमिती चित्रांचे रंगकाम, ही कामेही अशीच वाटण्याजोगी. म्हणजे म्हण खोटी नाही. कामच गावाने करण्याजोगे आहे की रावाने, हे आधी ओळखायला हवे एवढेच.

आमच्या कथेचा शेवटही यातच आहे. दुकानदार माल परत घेईना. पावती पाहिली तर तिच्यावर ‘प्रोसेसर, १ नग’ एवढेच लिहिलेले! मॉडेलचे नाव नाही, साल नाही, नवा की वापरलेला त्याचा उल्लेख नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा आणि प्रमाण जाणून घेण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. पण तोंडी बोललेला ‘अठ्ठावीस’ कोणत्या कागदावर दाखवणार? शेवटी आमच्या गल्लीत लग्नाच्या चित्रफिती तयार करणारे एक काका आहेत, त्यांना मी सगळी हकिकत खरी खरी सांगितली. त्यांनी एक रात्र तो संगणक चालवून पाहिला आणि खूश होऊन तेरा हजारांना प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम असे सगळे घेतले. त्यांच्या कामात चौदाही कोर जुंपले जातात. आमच्याकडचा आळशी गाव त्यांच्याकडे घाम गाळतो आहे! भावाला पुढे सहा कोरचा साधा प्रोसेसर मिळाला आणि त्याचे रडगाणे थांबले. आई एवढेच म्हणाली, “पाच हजारांची शिकवणी लावली म्हणायची.” तिने भिशीचे हप्ते कोणत्या खर्चाला कात्री लावून भरले होते, हे मला ठाऊक आहे. म्हणून ते वाक्य विनोदाने घेणे मला अजून जमलेले नाही.

त्या शिकवणीतले चार धडे येथे फुकट वाटते. पहिला, नवे घेण्याआधी अडते कुठे ते शोधा. गेममधले रिझोल्यूशन कमी करून पाहा. चित्रांचा वेग चांगला वाढला तर ग्राफिक्स कार्डावर ताण आहे, प्रोसेसर बदलून फारसे हाती लागणार नाही. वाढला नाही तर प्रोसेसर कमी पडतो आहे असे समजावे. दुसरा, ‘एकूण वापर अठरा टक्के’ या आकड्याला भुलू नका. अठ्ठावीस थ्रेडांपैकी एकच पूर्ण दमला, तर एकूण वापर चार टक्केही दिसत नाही. तिसरा, कोर किती हे विचारताना कोणत्या सालचे, कोणत्या पिढीचे, त्यांत मोठे किती आणि लहान किती, हेही विचारा. चाचण्या पाहाल तेव्हा आपण खेळतो तोच गेम पाहा, आणि सरासरीबरोबर सर्वांत मंद क्षणांचा आकडाही पाहा. कारण डोळ्याला खुपते ती सरासरी नव्हे, अडखळणे खुपते. चौथा, मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो का ते आधी तपासा. २०१७ च्या सुमारास घेतलेल्या एएम४ जातीच्या अनेक मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यावर २०२२ चे प्रोसेसरही चालतात. तिथे अठरा हजारांचे काम बरेच कमी पैशांत होऊ शकते. आणि पावतीवर मॉडेलचे पूर्ण नाव लिहून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

मित्रहो, हे सारे केवळ संगणकाबद्दल आहे असे मला वाटत नाही. आकड्यांची पूजा हा आपल्या काळाचा आजार आहे. फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजतो, शाळा निवडताना इमारतीचे मजले मोजतो, मुलाला मोजताना टक्के मोजतो. मोठा आकडा दिसला की विचार करण्याचे कष्ट वाचतात. विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. त्याचा सगळा धंदा आपल्या या आळसावर उभा आहे. आकडा खोटा असतो असे नाही. कित्येकदा तो अगदी खरा असतो. पण ‘किती’ या प्रश्नाआधी ‘कशासाठी’ हा प्रश्न विचारलेला नसेल, तर खरा आकडाही माणसाला फसवतो.

कला शाखेत राहून उपयोगाचे काय शिकता, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. ‘कशासाठी’ हा प्रश्न योग्य वेळी, भर दुकानात, चार माणसांसमोर, न लाजता विचारायला शिकतो, असे उत्तर मला यापुढे देता आले पाहिजे. गेल्या दिवाळीत ते देता आले नाही. अठरा हजार रुपये हातात घेऊन मी वडिलांच्या शेजारी उभी होते आणि गप्प होते.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)